शाईच्या पैशांतून आलेली चित्रं नक्की कोणाची?

३१ मार्च २०२५. जपानमध्ये टोकियोच्या पूर्वेला चिबा म्हणून प्रांत आहे, तिथल्या साकुरा नावाच्या छोट्या शहरातलं एक म्युझियम त्या दिवशी शेवटचं उघडलं आणि मग बंद झालं. कावामुरा मेमोरियल डीआयसी म्युझियम. आत रेम्ब्रांटचं १६३५ सालचं पोर्ट्रेट, मोने, पिकासो, फ्रँक स्टेलाची प्रचंड मोठी कामं, आणि अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोची सात चित्रं, फक्त त्यांच्यासाठी बांधलेल्या एका खोलीत. म्युझियम चालवणारी कंपनी शाई बनवते. छपाईची शाई. आणि मला ह्या बातमीचा जो त्रास झाला तो अजून गेलेला नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसले आहे.

आधी मला हे इतकं का लागलं ते सांगते. आमच्या अण्णांची मिरजेत छोटी प्रेस होती, एक ट्रेडल मशीन आणि नंतर एक जुनं ऑफसेट. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपती मंडळाच्या अहवालाची पुस्तकं. शाईचा डबा उघडला की वर साय धरलेली असायची, ती सुरीने अलगद बाजूला काढायची आणि खालची चकचकीत शाई काचेवर घोटायची हे माझं काम. हाताला, फ्रॉकला, वहीला सगळीकडे शाई, आणि रॉकेलने हात धुतल्याचा वास रात्री जेवतानाही यायचा. अण्णा म्हणायचे, कागद कोणाचाही असो, मजकूर कोणाचाही असो, शाई सगळ्यांची. तेव्हा त्याचा अर्थ कळायचा नाही. ह्या जपानी कंपनीचा इतिहास वाचताना ते वाक्य सारखं आठवत होतं.

तर कंपनीबद्दल. १९०८ च्या फेब्रुवारीत कावामुरा किजुरो ह्या माणसाने टोकियोतल्या होंजो भागात कावामुरा शाई कारखाना सुरू केला. रशिया-जपान युद्ध संपून दोन-अडीच वर्षं झाली होती, पेपर वाढत होते, चित्रांच्या पोस्टकार्डांचं लोकांना वेड लागलं होतं, छापखान्यांना शाई हवी होती आणि चांगली शाई म्हटलं की नजर परदेशाकडे जायची. कावामुरा काही ह्या धंद्यातला पहिला नाही. ओसाकात साकाता १८९६ पासून पेपरची शाई करत होती, आणि टोयो इंकची कंपनी १९०७ ची, म्हणजे एकच वर्ष आधीची. एका छोट्या काळात जपानमध्ये तीन मोठी शाईघराणी उभी राहिली, आणि तिन्ही आजही आहेत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते कारण शाई हा काही दिमाखाचा धंदा नाही, कोणी शाईवाल्याचा पुतळा उभारत नाही.

शाई म्हणजे काय तर रंगाची पूड, म्हणजे रंगद्रव्य, आणि ती पूड धरून ठेवणारं वार्निश, म्हणजे तेल आणि राळ एकत्र शिजवलेलं चिकट प्रकरण. दोन्ही एकत्र करून तीन रोलरच्या गिरणीतून दळून दळून इतकं बारीक करायचं की कागदावर कण दिसता कामा नये. आता ह्यात शहाणपण कुठे आहे, तर जो माणूस रंगद्रव्य बाहेरून विकत घेतो तो कायम दुसऱ्याच्या हातात असतो. किजुरोने हे ओळखलं. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये कांतोचा भूकंप झाला, होंजो भाग तर जळून राख झाला, टोकियोत सगळ्यात जास्त माणसं त्याच भागात मेली. त्यानंतर दोनच वर्षांत, १९२५ ला, कंपनीने स्वतःची सेंद्रिय रंगद्रव्यं करायला सुरुवात केली. सगळं शहर अजून उभं राहतंय आणि हा माणूस म्हणतो की रंग आपण स्वतः करू. पुढची सगळी शंभर वर्षं ह्या एका निर्णयातून निघाली असं माझं मत आहे.

१९३७ ला कंपनी दाई निप्पोन छपाई शाई ह्या नावाने रीतसर लिमिटेड झाली. मग युद्ध, मग १९४५ च्या मार्चमध्ये पुन्हा तोच भाग बॉम्बने जळाला. युद्धानंतर शाईचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे राळ, त्याच्यावर लक्ष गेलं. १९५२ ला अमेरिकेच्या राइशहोल्ड केमिकल्सबरोबर भागीदारीत जपानमध्ये सिंथेटिक रेझिनची कंपनी काढली, १९६२ ला ती कंपनी स्वतःत मिळवून घेतली आणि नाव ठेवलं दाईनिप्पोन इंक अँड केमिकल्स, थोडक्यात डीआयसी. म्हणजे पूडही आपली आणि राळही आपली. एकदा रेझिन हातात आलं की शाईपुरतं थांबायचं कशाला, रंग आला, प्लास्टिक आलं, चिकट टेप आली, पुढे घड्याळ-कॅल्क्युलेटरच्या पडद्याचं लिक्विड क्रिस्टल आलं, आणि स्पिरुलिना नावाचं शेवाळसुद्धा आलं जे आज लोक पावडर करून दुधात घालून पितात! ऐकताना विस्कळीत वाटतं पण सगळ्याचं मूळ शाईच्या डब्यात आहे.

१९६८ ला त्यांनी डीआयसी कलर गाइड काढलं. छपाईबाहेरच्या लोकांना ह्याचं महत्त्व चटकन कळणार नाही. गिऱ्हाईक प्रेसमध्ये येतं आणि म्हणतं मला शेंदरी हवा, आता तुमचा शेंदरी वेगळा, माझा वेगळा, आणि छापून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं हा तो नाहीच. आमच्याकडे ह्यावरून पत्रिकेचे गठ्ठेच्या गठ्ठे परत आलेले आहेत. गाइड म्हणजे काय तर प्रत्येक रंगाला नंबर, पट्टीवर बोट ठेवायचं आणि तोच नंबर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या छापखान्यात सांगायचा. जपानच्या छापखान्यांना आणि डिझाइनर लोकांना रंगाची एक सामायिक भाषा मिळाली ती शाईच्या कंपनीकडून. हे मी मुद्दाम सांगते आहे कारण पुढचा वाद ह्याच गोष्टीवर आहे, की कंपनी स्वतःच्या फायद्यासाठी काही बनवते आणि ते हळूहळू सगळ्यांचं होऊन जातं.

मग ऐंशीचं दशक. १९८६ ला अमेरिकेच्या सन केमिकलचा छपाईच्या शाईचा सगळा धंदा विकत घेतला, आणि दुसऱ्याच वर्षी राइशहोल्ड. तीच राइशहोल्ड, जिच्याशी १९५२ ला भागीदारी करून रेझिन शिकले, पस्तीस वर्षांनी तिलाच विकत घेतलं. १९९९ ला ब्रिटनची जुनी कोट्स घेतली. आपल्याकडे कोट्स ऑफ इंडिया म्हणून कलकत्त्याची कंपनी होती, तिचीच पुढे डीआयसी इंडिया झाली, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी छापखान्यांत हीच शाई वेगवेगळ्या नावाने येऊन गेलेली आहे. छपाईच्या शाईत ही कंपनी जगात एक नंबर झाली. भूकंपात जळालेल्या होंजोमधून इथपर्यंत.

आता म्युझियम. चित्रं गोळा करायचा नाद ह्या घराण्यात तीन पिढ्यांचा. संस्थापक किजुरो, मग दुसरे अध्यक्ष कात्सुमी, मग तिसरे शिगेकुनी. कात्सुमींना विसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकलेचं वेड होतं, आणि ते अशा वेळी घेत होते जेव्हा जपानमध्ये ह्या चित्रांकडे फार कोणी बघत नव्हतं. १९९० ला साकुरामध्ये कंपनीच्या संशोधन केंद्राच्या आवारात, झाडी आणि तळ्याच्या शेजारी, म्युझियम उघडलं. मला हे शेजारीपण फार आवडतं, एका बाजूला रंगद्रव्याचे केमिस्ट आणि दुसऱ्या बाजूला रंग.

रॉथकोच्या त्या सात चित्रांबद्दल थोडं थांबायला हवं. १९५८ ला न्यूयॉर्कच्या सीग्रॅम बिल्डिंगमध्ये फोर सीझन्स म्हणून महागडं रेस्टॉरंट होणार होतं, त्याच्या भिंतींसाठी रॉथकोला काम मिळालं. त्याने गडद लाल, तपकिरी, काळ्या रंगात मोठमोठे कॅनव्हास केले, सुमारे तीस. आणि मग म्हणाला की इथे नाही लावायचे, घेतलेले पैसे परत केले. ही चित्रं जेवणाऱ्यांच्या पाठीमागे शोभेला लागणार हे त्याला सहनच झालं नाही. नऊ लंडनच्या टेट गॅलरीला दिली, ती ज्या दिवशी लंडनला पोचली, २५ फेब्रुवारी १९७०, त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याने जीव दिला. सात पुढे साकुराला आली. २००८ ला म्युझियम वाढवलं तेव्हा त्यांच्यासाठी कोपरे कापलेली, मंद उजेडाची एक खोली केली. एकट्या रॉथकोला वाहिलेल्या अशा खोल्या जगात मोजून चार होत्या, ह्यूस्टन, वॉशिंग्टन, लंडन आणि साकुरा. मी ती पाहिलेली नाही, आणि साकुरातली तर आता कधीच पाहता येणार नाही.

रॉथको आणि शाई ह्यांचं एक जवळचं नातं आहे, ते फार लोकांना माहीत नसतं. हार्वर्ड विद्यापीठासाठी त्याने १९६२ च्या आसपास पाच चित्रं केली त्यात लिथॉल रेड नावाचं लाल रंगद्रव्य वापरलं. लिथॉल रेड म्हणजे छपाईच्या शाईतलं नेहमीचं स्वस्त लाल. ते उन्हात टिकत नाही. चित्रं जेवणाच्या हॉलमध्ये लावली, खिडक्यांतून ऊन यायचं, काही वर्षांत लाल उडून फिकट निळसर पडली, शेवटी १९७९ ला उतरवून ठेवावी लागली. शाईवाल्याला विचारलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की हा लाल खिडकीजवळ नको. म्हणून मला वाटायचं की रॉथकोची चित्रं जगात कोणाकडे असायला हवीत तर ती रंगाचं आयुष्य ओळखणाऱ्या लोकांकडे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केलं की म्युझियमचा फेरविचार चालू आहे, एकतर छोटं करून टोकियोला नेऊ नाहीतर बंदच करू, आणि साकुरातलं म्युझियम जानेवारी २०२५ अखेर थांबवू. लोक हादरले. साकुरा शहराने विनंती केली, हजारो लोकांनी सह्या केल्या, बघायला इतकी गर्दी झाली की तारीख मार्चअखेर ढकलावी लागली. मार्चमध्ये ठरलं ते असं, की रॉथकोची सात चित्रं टोकियोतल्या रोप्पोंगीच्या इंटरनॅशनल हाऊस ऑफ जपानकडे जातील, तिथे नवीन इमारतीत त्यांची खोली होईल, आणि बाकीच्या कंपनीच्या मालकीच्या चित्रांमधली साधारण पाव राहतील, उरलेली विकायची. आणि विक्री सुरू झाली सुद्धा. नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात मोनेचं वॉटर लिलीजचं एक चित्र साडेचार कोटी डॉलरच्या वर गेलं.

आता कंपनीची बाजू मी नीट मांडणार आहे, कारण ती खोटी नाही. छपाई कमी होते आहे हे सत्य आहे. जपानमध्ये २००० साली रोज ५ कोटी ३७ लाख पेपर खपायचे, २०२३ ला ते २ कोटी ८६ लाखांच्या आसपास आले. निम्मेच म्हणा ना. टोयो इंकने २०२४ च्या जानेवारीत नावातून इंक हा शब्दच काढला आणि आर्टिएन्स झाली, दाईनिप्पोन इंक तर २००८ लाच शंभरीच्या निमित्ताने नुसती डीआयसी झाली होती. त्यात २०२३ ला डीआयसीला जवळपास ४० अब्ज येनचा तोटा झाला. टोकियो स्टॉक एक्स्चेंजने २०२३ च्या मार्चमध्ये सगळ्या मोठ्या कंपन्यांना सांगितलं की भांडवलाचा हिशोब ठेवून कंपनी चालवा, शेअरचा भाव पुस्तकी किमतीच्या खाली असेल तर का आहे ते सांगा. डीआयसी त्याच रांगेत. त्यात हाँगकाँगचा ओअॅसिस नावाचा फंड मोठा शेअरहोल्डर झाला आणि विचारायला लागला की संस्थापक घराण्याच्या आवडीनिवडीवर शेअरहोल्डरचा पैसा का अडकून पडलाय. हा प्रश्न विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. कोणाच्या तरी पेन्शनचा पैसा त्या शेअरमध्ये आहे, तो पैसा पण खरा आहे, आणि ओअॅसिसला राक्षस ठरवून मोकळं होणं मला पटत नाही.

पण हिशोबच करायचा तर पूर्ण करू या. म्युझियममध्ये ७५४ कामं होती, त्यातली ३८४ कंपनीच्या मालकीची, आणि त्या ३८४ ची पुस्तकात लिहिलेली किंमत ११.२ अब्ज येन. आता बघा, २०१३ ला ह्याच म्युझियमने बार्नेट न्यूमन ह्या अमेरिकन चित्रकाराचं अॅनाज लाइट नावाचं एकच चित्र विकलं होतं, ते गेलं १०.३ अब्ज येनला. एक चित्र! म्हणजे पुस्तकातला आकडा बाजाराच्या मानाने काहीच नाही, आणि पुस्तकात चित्रं स्वस्त दिसतात तेवढाच तोटा झाकायला विकायचा मोह जास्त होतो, कारण विकल्यावर सगळा फरक नफ्यात दिसतो. दुसरं, २०२३ चा तोटा म्युझियमने केलेला नाही. २०२१ ला कंपनीने जर्मनीच्या बीएएसएफकडून रंगद्रव्यांचा धंदा १ अब्ज १५ कोटी युरो किमतीला घेतला, आणि त्यानंतर मागणी पडली, तोट्यातला मोठा वाटा त्याच खरेदीचा. किजुरोने १९२५ ला रंगद्रव्याबद्दल जो निर्णय घेतला तो बरोबर निघाला, ह्यांचा ह्या वेळी चुकला, धंद्यात चुका होतात. पण धंद्याच्या चुकीची भरपाई तळ्याकाठच्या म्युझियमने का करायची? त्याच्यावर वर्षाला जो खर्च होत होता तो त्या एका खरेदीपुढे दिसणार पण नाही.

तरीही मला कंपनीवर राग काढायचा नाही. माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कायद्याचा आहे. ३५ वर्षं दार उघडं ठेवून, तिकीट घेऊन, शाळेच्या सहली आणून, नकाशावर म्युझियम म्हणून खूण करून तुम्ही एखादी गोष्ट लोकांना दिलीत, की ती पूर्णपणे तुमची खासगी राहत नाही. नैतिकदृष्ट्या राहत नाहीच, पण कायद्यात राहते आणि तिथेच घोळ आहे. साकुराचं म्युझियम वेगळ्या ट्रस्टचं नव्हतं. ते थेट कंपनीचं होतं, कंपनीच्या बॅलन्स शीटवर, कारखान्याच्या बॉयलरसारखं. आणि बॉयलर विकता येतो.

जपानमध्येच ह्याच्या उलटी उदाहरणं आहेत. कुराशिकीचं ओहारा म्युझियम, १९३० चं, कापड गिरणीच्या ओहारा मागोसाबुरोंनी कोजिमा तोराजिरो ह्या आपल्या चित्रकार मित्राच्या आठवणीसाठी उभं केलं, ज्याने युरोपात फिरून त्यांच्यासाठी चित्रं आणली होती. एल ग्रेकोचं चित्र एका छोट्या गावात येऊन पोचलं ते असं. आज ते गिरणीचं नाही, वेगळ्या फाउंडेशनचं आहे, गिरणीला चांगले दिवस आले वाईट दिवस आले तरी चित्रं भिंतीवर. ब्रिजस्टोन टायरचे इशिबाशी शोजिरो, त्यांनी १९५२ ला टोकियोत म्युझियम काढलं आणि १९५६ ला इशिबाशी फाउंडेशन, संग्रह त्या फाउंडेशनच्या हाती. टायरचा भाव खाली येवो वर जावो, तेच म्युझियम २०२० ला आर्टिझोन म्हणून नवीन इमारतीत उघडलं. टायरवाल्याने जे केलं ते शाईवाल्याने केलं नाही, दोघांचं प्रेम सारखंच असेल पण एकाने कागद केला आणि दुसऱ्याने नाही केला.

आणि कागद न करण्याचा धडा जपानला आधीच मिळालेला होता. मात्सुकाता कोजिरो, कावासाकी जहाज कारखान्याचे अध्यक्ष, पहिल्या महायुद्धात जहाजं विकून आलेल्या पैशांतून युरोपात हजारो कामं घेतली, जपानी तरुण चित्रकारांना खरी पाश्चात्य चित्रं बघता यावीत म्हणून. म्युझियम बांधायचं होतं, बांधून झालं नाही. १९२७ ला जपानमध्ये बँका कोसळल्या, कारखाना अडचणीत आला, जपानमधली चित्रं लिलावात गेली. लंडनच्या गोदामात होती ती १९३९ च्या आगीत शेकड्यांनी जळाली. पॅरिसमधली फ्रान्सने दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जप्त केली, आणि त्यातली उरलेली परत आली तेव्हा त्यांच्यासाठी १९५९ ला उएनोमध्ये नॅशनल म्युझियम ऑफ वेस्टर्न आर्ट झालं, ल कॉर्बुझिए ह्या आर्किटेक्टने बांधलेलं. इतकं सगळं घडून गेलेल्या देशात १९९० ला उघडलेलं म्युझियम पुन्हा कंपनीच्याच नावावर ठेवलं, हे मला खरंच समजत नाही.

आपल्याकडे बघायचं तर एअर इंडियाचं उदाहरण अगदी समोर आहे. एअर इंडियाने अनेक दशकं चित्रं घेतली, कधी तिकिटाच्या बदल्यात घेतली, हुसेन, आपल्या नागपुरात जन्मलेले गायतोंडे, कितीतरी, सगळी मिळून चार हजारांच्या वर कामं. साल्वादोर दालीकडून १९६७ ला अॅशट्रे करून घेतला आणि बदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू दिलं. नरिमन पॉइंटच्या इमारतीत ह्यातलं बरंच होतं. २०२२ च्या जानेवारीत एअरलाइन टाटांकडे गेली तेव्हा हा संग्रह सौद्यातून बाहेर ठेवला आणि २०२३ ला तो नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे द्यायचं ठरलं. मला वाटतं हा निर्णय अगदी बरोबर होता. पण तो झाला कारण कंपनी सरकारी होती आणि कोणाच्या तरी वेळेत लक्षात आलं. कायदा म्हणून नाही झाला. उद्या एखाद्या खासगी कंपनीच्या हेड ऑफिसमध्ये लावलेली गायतोंडेंची चित्रं कर्जवसुलीत गेली तर अडवणार कोण? साकुराला पण कोणी अडवू शकलं नाही, सह्या हजारोंनी होत्या तरी. आणि गायतोंडेंचं नाव मी उगाच घेत नाही, १९६४ ला ते रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते, आणि त्यांच्या आणि रॉथकोच्या चित्रांसमोर उभं राहिल्यावर जो शांतपणा येतो तो एकाच जातीचा आहे असं जाणकार म्हणत आलेत. असं चित्र लॉबीतून काढून कुठल्या तरी तिजोरीत जाणं म्हणजे काय होतं ते साकुराच्या लोकांना विचारा.

गंमत म्हणून नाही, अभिमानाने सांगते, की आपल्या कायद्यात ह्याचं उत्तर अर्धं लिहून ठेवलेलं आहे. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५, सीएसआरचे दोन टक्के, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला जो वाटा समाजासाठी खर्च करायचा तो, सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या यादीत कला, वारसा, सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. आणि २०२१ ला नियम बदलले त्यात असं आलं की सीएसआरच्या पैशातून जी कायमची मालमत्ता उभी राहील ती कंपनीने स्वतःच्या नावावर ठेवायची नाही, ती धर्मादाय ट्रस्टच्या, सोसायटीच्या, ज्यांच्यासाठी केली त्या लोकांच्या गटाच्या नाहीतर सरकारी संस्थेच्या नावावर जायला हवी. म्हणजे कंपनीने सीएसआरमधून शाळेची इमारत बांधली तर तोट्याच्या वर्षी ती विकता येणार नाही. किती साधी आणि किती शहाणी गोष्ट आहे ही. फक्त ती चित्रांपर्यंत पोचत नाही, कारण कंपन्या चित्रं सीएसआरमधून घेत नाहीत, नेहमीच्या खर्चातून घेतात, फर्निचरच्या शेजारी लिहितात.

मग माझी मागणी एवढीच आहे, आपल्याकडे पण आणि जपानमध्ये पण. कंपनीला चित्रं घ्यायची असतील तर घ्या, बोर्ड रूममध्ये लावा, विका, काही म्हणणं नाही. पण ज्या दिवशी तुम्ही दारावर म्युझियम अशी पाटी लावता आणि लोकांना आत बोलावता, त्या दिवसापासून आत जे लावलंय ते वेगळ्या ट्रस्टकडे गेलं पाहिजे, त्याशिवाय म्युझियम हा शब्द वापरायलाच परवानगी नको. आणि विकायची वेळ आलीच तर आधी त्या शहराला, मग देशातल्या सार्वजनिक संस्थांना, ठरावीक मुदतीत घ्यायचा पहिला हक्क, लिलाव त्यानंतर. ह्याने कंपन्या म्युझियम काढायलाच घाबरतील असं म्हणतात लोक. काही घाबरतील, हो. ओहारा आणि इशिबाशी घाबरले नव्हते. आणि जी कंपनी एवढ्याने घाबरते तिने दार उघडण्याआधीच थांबलेलं मला जास्त चांगलं वाटतं, ३५ वर्षं एखाद्या शहराला आपलंसं करून मग कुलूप लावण्यापेक्षा.

रॉथकोची सात चित्रं तरी एकत्र राहिली हे चांगलंच झालं, त्याचं श्रेय कंपनीला आणि इंटरनॅशनल हाऊसला दिलंच पाहिजे. पण नवीन इमारत २०३० च्या सुमाराला व्हायची आहे. तोपर्यंत, साकुरामध्ये जी मुलं चौथी-पाचवीत असताना शाळेबरोबर जाऊन त्या मंद खोलीत बाकावर बसून आली, ती नववी-दहावीत पोचतील. आणि ज्यांची सहल पुढच्या वर्षी जायची होती, त्यांच्या गावात त्या जागी आता झाडी आहे, तळं आहे आणि बंद दार आहे.

अण्णांची प्रेस विकली तेव्हा ट्रेडल भंगारात गेलं, त्याचं मला काही वाटलं नाही, मशीन होतं. पण प्रत्येक कामाचा पहिला छापलेला कागद ते जपून ठेवायचे, चाळीस वर्षांचे गठ्ठे, गावातल्या प्रत्येक घरची लग्नं आणि बारशी त्यात. ते त्यांनी विकायच्या आधी, स्वतःच्या सहीने, गावातल्या वाचनालयाला लिहून दिले होते. घेणारा माणूस म्हणाला हे पण मशीनबरोबर द्या, रद्दीत जाईल. अण्णांनी वाचनालयाची पावती दाखवली.